हर्बल जिन सावर घरी करायची आहे, कडक हवी. सल्ला द्या (नवीन वस्तू एकच घेणार!)

गच्चीवरची
नमस्कार मंडळी. शनिवारी आम्ही पाच जण जमणार आहोत आणि हर्बल जिन सावर (जिन, लिंबू आणि साखरेचं आंबटगोड पेय, त्यात सुगंधी पाल्याची चव) करायचं मी सगळ्यांना सांगून बसले आहे. दोनदा तोंडघशी पडले. पहिल्या खेपेला लिंबू सरबत झालं, जिन होती की नाही हे दुसऱ्या दिवशी डोक्याने सांगितलं. दुसऱ्या खेपेला बेसिलची मूठभर पानं खलबत्त्यात ठेचली, तर रंग शेवाळलेल्या टाकीचा आणि चव कापलेल्या गवताची. नवऱ्याने एक घोट घेतला, "कशावरचं औषध आहे?" विचारलं आणि उरलेलं कुंडीत ओतलं.
घरात आहे ते: लंडन ड्राय जिन (४३ टक्के), लिंबं, साखर, मध. कुंड्यांत बेसिल, थाइम, रोझमेरी. शेकर (पेय हलवायचं भांडं) नाही, जिगर (मद्य मोजायचा छोटा पेला) नाही, घट्ट झाकणाची काचेची बरणी आहे.
बजेट: नवीन वस्तू एक. बाटली असो की भांडं असो, एक म्हणजे एक. पाचांतली एक जण अंडं खात नाही.

आंबटशौकीन
(नावावर जाऊ नका, लिंबाबद्दलच आहे.)
ताई, कुंड्या विसरा. ग्रीन चार्ट्रूज (वनस्पतींचं गोड मद्य) आणा. ५५ टक्के, १३० वनस्पती, फ्रान्समधले कार्थुजियन साधू बनवतात, आणि पूर्ण कृती एका वेळी दोन-तीन साधूंनाच ठाऊक असते. सोबत माराशिनो लिक्युअर (चेरीचं गोड मद्य) घ्या. जिन, चार्ट्रूज, माराशिनो, लिंबाचा रस, चारी सारखे. झाली लास्ट वर्ड. डेट्रॉइट अॅथलेटिक क्लबात १९१६ च्या सुमारास मिळायची ती. आणि जिनही बदला, नेव्ही स्ट्रेंग्थ घ्या, ५७ टक्के. माझ्याकडे या तिन्ही बाटल्या कायम असतात.

गच्चीवरची
तीन बाटल्या झाल्या दादा.

आंबटशौकीन
एकदाच घ्यायच्या असतात हो.

कानामात्रा
चार्ट्रूज नव्हे, शार्त्रूझ. फ्रेंच शब्द आहे. आणि साधूंनी उत्पादन मुद्दाम मर्यादित ठेवायचं ठरवल्यापासून ती बाटली सहज मिळतही नाही. प्रश्नकर्तीने "कडक" म्हणजे काय तेही सांगितलेलं नाही. अल्कोहोल कडक की चव कडक? उत्तर यावर अवलंबून आहे.

मोजूनमापून
कानामात्रा यांच्याशी सहमत (पहिल्यांदाच). आकडे देतो.
जिन ६० मिली, लिंबाचा रस २२ मिली, साखरेचा पाक २२ मिली. पाक म्हणजे साखर आणि पाणी समसमान. पाक गोळीबंद, एकतारी असला काही प्रकार नको, साखर विरघळली की गॅस बंद. बर्फाबरोबर १२ ते १५ सेकंद जोरात हलवलं की आत गेलेल्या १०४ मिलीचे १४५ च्या आसपास बाहेर येतात. वरचं सगळं बर्फाचं पाणी, आणि ते लागतंच, त्याशिवाय सावर घशाला चावते.
आता कडकपणा. ४३ टक्केवाली ६० मिली घेतली तर शुद्ध अल्कोहोल २० ग्रॅम. ५७ टक्केवाली घेतली तर २७ ग्रॅम. म्हणजे तिसरा पेला संपला की माणूस हिशोबाने चौथा संपवल्यासारखाच असतो. आणि एवढं करून पाल्याची चव तेवढीच राहते, कणभर वाढत नाही. तुमचं पहिल्या वेळी सरबत झालं याचा अर्थ रस आणि पाक अंदाजे ओतलेत. मोजल्याशिवाय काही करू नका. जिगर नसेल तर १५ मिलीचा मोजचमचा तरी हवा. भाजीचा डाव चालणार नाही.

रविवारची_गडबड
५७ टक्केवाल्या जिनबद्दल मोजूनमापून खरं बोलताहेत. मी एकदा पाहुण्यांना न सांगता तीच वापरली. चवीत कळलं नाही कुणाला, आंबटगोडात लपते ती. रात्री साडेदहाला एक पाहुणे आमच्या दारातला चपलांचा स्टँड स्वतःचा समजून आवरत बसले. त्यांची बायको अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

बर्फाळ
सगळे बाटल्यांवर बोलताहेत, बर्फावर कोणी बोलत नाही. फ्रीजमधला जुना बर्फ वापरू नका, त्याला फ्रीजमधल्या प्रत्येक डब्याचा वास लागलेला असतो. तुकडे मोठे हवेत. चुरा टाकलात की पाणीच पाणी.
आणि काचेची बरणी बर्फ घालून हलवू नका!! माझ्या बरणीचा तळ गेला. आवाज झाला नाही, फक्त पायावर गार लागलं. खाली बघतो तर जिन, लिंबू आणि काचा. रुंद तोंडाची स्टीलची पाण्याची बाटली असेल तर ती घ्या. मी मात्र बर्फाचं यंत्र घेतलं, पारदर्शक बर्फ होतो. घ्याच.

आंबटशौकीन
यंत्र? आणि माझ्या तीन बाटल्या जास्त झाल्या होय!

कडू_घोट
रोझमेरीची काडी लायटरने जाळून पेल्यावर ठेवायची. धूर, वास, फोटो. हल्ली सगळे करतात, मी सगळ्यांच्या आधीपासून करतो. आणि मध घालू नका, मध सगळ्यांच्या वर बसतो, बाकी पाला मुका होतो.

झोपेत_वाचक
ग्रीन चार्ट्रूज का नाही घेत? १३० वनस्पती असतात त्यात.

कानामात्रा
शार्त्रूझ. आणि वर वाचा.

गच्चीवरची
थांबा जरा. कडक म्हणजे मला चव कडक हवी आहे. पहिल्या घोटात पाला नाकात शिरायला हवा. कुणाला झिंगवायचं नाही, त्यातल्या दोघांना परत गाडी बोलावून घरी जायचं आहे. बर्फाळ, बरणीचं वाचून अंगावर काटा आला. स्टीलची बाटली आहे घरात, ती वापरते. म्हणजे ती एक वस्तू अजून शिल्लक आहे.

मातीहात
उशिरा आले, पण झाडं माझा विषय.
पाल्याच्या दोन जाती करा. मऊ पाला (बेसिल, पुदिना) आणि काडीचा पाला (थाइम, रोझमेरी). दोघांना एकच वागणूक दिली की तुमच्यासारखं होतं. काडीच्या पाल्यातला वास अल्कोहोलमध्ये निवांत उतरतो. २०० मिली जिनमध्ये थाइमच्या पाच-सहा काड्या टाका, झाकून ठेवा, दोन तासांनी चाखा, मग दर तासाने चाखा. आवडलं त्या क्षणी गाळा. उद्या बघू म्हणायचं नाही. थाइममध्ये थायमॉल असतं, ओव्यातही तेच, आणि माउथवॉशमध्येही तेच वापरतात. मी रोझमेरी चार दिवस विसरले होते. खोकल्याचं औषध बरं, असं काहीतरी झालं. बाटलीभर जिन गेली.
बेसिल उलट. ते ठेचायचं नाही. पान तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एक टाळी द्यायची. पानावरच्या तेलाच्या बारीक पिशव्या फुटतात, पान फाटत नाही. ठेचलं की पेशी फुटतात, आतलं एन्झाइम आणि हवा मिळून पान काळं पडतं.
आणि कुंडीवर कीटकनाशक मारलं असेल तर ती पानं पेल्यात नकोत. हे कुणी सांगत नाही.

हॅम्बुर्गी
मातीहात, अर्धं चूक. जिन बेसिल स्मॅश नावाचं पेय आहे, हॅम्बुर्गच्या ल लिऑन बारमध्ये योर्ग मायर यांनी २००८ मध्ये आणलं. त्यात बेसिल मूठभर घेतात आणि लिंबाबरोबर चांगलं चेचतात. रंग पोपटी, चव जबरदस्त. बेसिल कमी घेतलं तर ते पेय होतच नाही. टाळ्या कसल्या वाजवताय?

मातीहात
चेचून लगेच हलवतात, बारीक गाळणीतून गाळतात आणि लगेच पितात. तासभर ठेवून बघा तुमचा पोपटी. लिंबाच्या आम्लात हरितद्रव्य टिकत नाही, मेहंदी रंग येतो. गच्चीताई, खरं सांगा, ठेचल्यावर किती वेळ ठेवलं होतं?

गच्चीवरची
...दुपारी ठेचून लिंबाच्या रसात घालून फ्रीजमध्ये ठेवलं होतं. संध्याकाळी घाई नको म्हणून.

मातीहात
झालं निदान.

हॅम्बुर्गी
म्हणजे ठेचणं चूक नव्हतं. हेच सांगत होतो.

मोजूनमापून
लिंबाचा रसही दुपारीच काढला होतात? तो त्याच संध्याकाळी काढायचा. रात्रीपर्यंत त्याचा टवटवीतपणा जातो.

फेसाळ
कुणी फेसाबद्दल बोललंच नाही! फेस नाही तर सावर कसली? अंड्याचा पांढरा बलक एका पेल्याला १५ ते २० मिली, आधी बर्फाशिवाय हलवायचं, मग बर्फ घालून. वर बिटर्सचे (वनस्पतींचा कडवट अर्क) तीन थेंब, त्याने अंड्याचा वासही दबतो. अंडं नको असेल त्यांना काबुली चणे उकडलेलं पाणी, पेल्याला २५ मिली. फेस तितकाच येतो, चण्याचा वास लिंबात जातो. मात्र मीठ न घालता उकडलेलं हवं.
अनुभवाचे बोल: बर्फाशिवाय हलवताना झाकणावर तळहात दाबून धरा. बर्फ असला की आतली हवा आकसते आणि झाकण घट्ट बसतं, बर्फ नसला की तसं काही होत नाही. माझं झाकण उडालं. अंडं पंख्यावर गेलं. पंखा चालू होता. चारही भिंतींना समान वाटप झालं, आणि सासूबाई नेमक्या आतून "काय पडलं गं?" म्हणत आल्या.

कडू_घोट
कच्चं अंडं पाहुण्यांना? साल्मोनेला जंतूंचं ऐकलंय का? घरात गरोदर बाई, म्हातारी माणसं, लहान प्रकृतीचं कुणी असेल तर नकोच.

फेसाळ
लहान मुलांना सावर कोण देतंय?

कडू_घोट
लहान मूल म्हटलं नाही, लहान प्रकृती म्हटलं. वाचा.

हिरवी_परी
पेल्याला आतून अॅबसिंथचा (बडीशेपेच्या चवीचं कडक मद्य) हात फिरवा. अर्धा चमचा ओता, पेला फिरवा, उरलेलं फेकून द्या. बडीशेपेचा वास शेवटपर्यंत राहतो. एक बाटली दहा वर्षं पुरते. माझी पुरली आहे, कारण घरात दुसऱ्या कुणाला आवडत नाही.

पेल्याकाठी
एक साधी गोष्ट. गार पदार्थाचा वास कमी येतो. सावर बर्फगार असते, म्हणून आत कितीही पाला घातला तरी जीभ अर्धंच सांगते. उरलेलं काम नाकाने करायचं. त्यामुळे थाइमची ताजी काडी किंवा टाळी दिलेलं पान पेल्याच्या काठाशी, नाकाखाली येईल असं ठेवा. उंच पेल्यात नको, बुटक्या रुंद पेल्यात. आणि हलवताना मिठाची चिमूट, अगदी चार-पाच दाणे. कडवटपणा दबतो, पाला पुढे येतो. यातली एकही वस्तू विकत घ्यावी लागत नाही.

झोपेत_वाचक
मीठ? लिंबू सरबतच झालं की मग.

आंबटशौकीन
आमच्याकडे परवा लास्ट वर्ड झाली. सगळे वेडे झाले. फोटो टाकता येत नाही म्हणून राहिलं.

कानामात्रा
अवांतर: "सावर" की "सार"? इंग्रजी उच्चाराला "सावर" जवळ जातं, पण मराठीत "सावर" म्हटलं की तोल सावरणं आठवतं. तेही समर्पकच म्हणा.

गच्चीवरची
मंडळी, शनिवार पार पडला. सगळ्यांचं वाचलं, सगळ्यांचं थोडं थोडं मोडलं.
थाइम जिनमध्ये टाकलं. दोन तासांनी काहीच नाही, तीन तासांनी हळूच काहीतरी, चौथ्या तासाला झाकण उघडलं आणि स्वयंपाकघरात पावसाळी डोंगर उभा राहिला. तिथेच गाळलं. मध घातला (क्षमस्व कडू_घोट), कोमट पाण्यात समसमान विरघळवून. थाइमवर तो मला छानच बसला, आणि साखर संपली होती हेही खरं. फेस केला नाही. पंखा आवडता आहे. मिठाचे दाणे टाकले, बेसिलच्या पानाला टाळी देऊन पेल्यावर ठेवलं. पाहुण्यांपैकी एकाला वाटलं मी आरती सुरू करतेय.
नवऱ्याने पेला कुंडीत ओतला नाही. दुसरा मागितला. रोझमेरी जाळली नाही, ती घरात आहे हे कुणाला आठवलंही नाही.
ती एक वस्तू घेतली. तीच जिन, दुसरी बाटली. पहिली प्रयोगांतच गेली.

आंबटशौकीन
म्हणजे बाटली घेतलीच ना! मग शार्त्रूझ का नाही घेतली?

कानामात्रा
धन्यवाद.

मोजूनमापून
सगळं लिहिलंत, प्रमाण लिहिलं नाहीत. किती मिली? कशाने मोजलंत? मोजचमचा घेतला नाहीत हे दिसतंय.

गच्चीवरची
खोकल्याच्या औषधाचं झाकण. धुऊन. १० मिलीची रेघ आहे त्यावर. सहा झाकणं जिन, अडीच लिंबू, दोन मध.

मोजूनमापून
अडीच आणि दोन का? मी समसमान सांगितलं होतं.

गच्चीवरची
दुसऱ्या पेल्याला नवरा म्हणाला गोड आहे.