चाचपडणाऱ्या संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला हंगामाच्या मध्यावर काढून कॉलेज फुटबॉलमध्ये खरोखर काही साधते का?

शनिवारची_दुपार यांचा प्रश्न:

मी अमेरिकेतील ज्या सरकारी विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतली, त्याचा अमेरिकन फुटबॉलचा (सॉकरचा नव्हे) संघ गेली चार वर्षे चाचपडतो आहे. आताच्या मुख्य प्रशिक्षकांनी पहिल्या हंगामात ५ सामने जिंकले, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात ४, आणि यंदा आठ सामन्यांनंतर हाती फक्त ३ विजय आहेत. त्यांतले दोन पराभव अगदी शेवटच्या मिनिटात झाले. माजी विद्यार्थ्यांच्या गटात निम्म्या लोकांचे म्हणणे आहे की त्यांना आजच्या आज काढावे. उरलेले म्हणतात की करार अजून तीन वर्षांचा आहे, तेवढे पैसे घरी बसवून द्यायचे तर तेच पैसे खेळाडूंवर खर्च करावेत.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. काढून टाकलेल्या माणसाला इतकी मोठी रक्कम देण्याचे करार विद्यापीठे मुळात का करतात? चारच सामने उरलेले असताना हंगाम संपेपर्यंत न थांबण्यामागे काय विचार असतो? आणि माझा खरा प्रश्न असा की, संयम कोठे संपतो आणि नुसती चालढकल कोठे सुरू होते, हे बाहेरून पाहणाऱ्याने कसे ओळखावे?

शिकत असताना मी शिकवणी साहाय्यक होतो आणि या संघातील दोन मुले माझ्या वर्गात होती. पहाटेचा सराव आटोपून ती सकाळच्या तासाला डोळे चोळत, पण न चुकता हजर असत. या साऱ्या वादात मला सर्वांत आधी त्या मुलांच्या जागी आज असलेली मुले आठवतात.

करारनामा यांचे उत्तर:

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. ज्याला सगळे बायआउट म्हणतात, ती म्हणजे गैरवर्तनासारखे ठोस कारण नसताना मुदतीआधी काढल्यास प्रशिक्षकाला द्यावयाची रक्कम. सामने हरणे हे असे कारण धरले जात नाही. उरलेल्या वेतनाचा किती हिस्सा द्यायचा, हे करारावर सही होते त्याच दिवशी ठरते, आणि त्या दिवशी पारडे बहुधा प्रशिक्षकाच्या बाजूने झुकलेले असते. जागा रिकामी असते, देणगीदार अधीर झालेले असतात, आणि त्याच नावावर आणखी दोन-तीन विद्यापीठांचा डोळा असतो.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने डिसेंबर २०१७ मध्ये प्रशिक्षक जिंबो फिशर यांना १० वर्षांसाठी ७ कोटी ५० लाख डॉलरचा पूर्ण हमीचा करार दिला. तो निम्माही सरला नव्हता, तोच २०२१ मध्ये मुदत आणि वेतन दोन्ही वाढवण्यात आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना काढले, तेव्हा त्यांची नोंद ४५ विजय आणि २५ पराभव अशी होती आणि विद्यापीठाच्या माथी साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणे उरले होते. मूळ करार झाला तेव्हा तेथे क्रीडा संचालक असलेले स्कॉट वुडवर्ड पुढे एलएसयूमध्ये (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) गेले आणि त्यांनी २०२१ मध्ये प्रशिक्षक ब्रायन केली यांना १० वर्षांसाठी सुमारे साडेनऊ कोटी डॉलरवर आणले. केली यांना २६ ऑक्टोबर २०२५ रोजी काढण्यात आले, तेव्हा सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर देणे शिल्लक होते, आणि त्याच आठवड्यात वुडवर्ड यांनाही पद सोडावे लागले.

तुमच्या विद्यापीठाच्या करारात एक कलम मात्र आवर्जून पाहा: काढलेल्या प्रशिक्षकाला दुसरी नोकरी मिळाली, तर तेथील वेतन देण्यातून वजा होते की नाही. फिशर यांच्या करारात अशी वजावट नव्हती. पेन स्टेटने ऑक्टोबर २०२५ मध्ये जेम्स फ्रँकलिन यांना काढले तेव्हा देणे जवळपास ४ कोटी ९० लाख डॉलर होते. पण ते पाच-सहा आठवड्यांत व्हर्जिनिया टेककडे गेले आणि हिशेब ९० लाखांवर मिटला. या एका कलमाने देण्याचे आकारमानच बदलते. मोठ्या विद्यापीठांत ही रक्कम प्रामुख्याने क्रीडा विभागाच्या उत्पन्नातून आणि देणगीदारांकडून येते. लहान विद्यापीठांत मात्र क्रीडा विभागाचा बराच खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागवला जातो, आणि तेथे हा प्रश्न जास्त बोचरा आहे.

लिंकनकर यांचे उत्तर:

मी नेब्रास्काच्या लिंकन शहरात बरीच वर्षे राहिलो आहे, आणि आपला तिसरा प्रश्न येथील लोक वीस वर्षांहून अधिक काळ विचारत आले आहेत. २००३ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांनी ९ सामने जिंकले, ३ हरले आणि त्यांना काढण्यात आले. पुढच्याच वर्षी बिल कॅलहन यांच्या हाताखाली संघ ५-६ वर (५ विजय, ६ पराभव) आला. १९६१ नंतर विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला तो पहिला हंगाम होता. बो पेलिनी यांनी २००८ ते २०१४ या सातही हंगामांत किमान ९ विजय मिळवले. त्यांनाही जावे लागले, आणि त्यानंतर आलेल्या माइक रायली यांची तीन वर्षांची नोंद १९-१९ अशी राहिली. चांगला माणूस काढून अधिक चांगला मिळेल, हे गृहीतक आम्ही दोनदा तपासले आणि दोन्ही वेळा त्याची किंमत मोजली.

मग स्कॉट फ्रॉस्ट आले. १९९७ च्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हाती असलेला खेळाडू), नेब्रास्काचेच सुपुत्र, आणि त्याआधीच्या हंगामात सेंट्रल फ्लोरिडाला १३-० नेणारे प्रशिक्षक. याहून योग्य माणूस कोणाला सुचला नसता. मला तर नाहीच. २०२१ मध्ये संघ ३-९ राहिला, आणि ते नऊही पराभव दहापेक्षा कमी गुणांनी झाले. अशा निसटत्या पराभवांत नशिबाचा भाग मोठा असतो आणि पुढच्या वर्षी ते उलटते, असे मी तेव्हा मनापासून मानत होतो आणि त्यांना आणखी एक वर्ष द्यावे असेच म्हणत होतो. विद्यापीठानेही वेतन कमी करून त्यांना ठेवले. पुढचा हंगाम डब्लिनमध्ये सुरू झाला. नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ११ गुणांची आघाडी असताना त्यांनी ऑनसाइड किक (चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून मारलेली जोखमीची आखूड किक) मारायला लावली, चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेला आणि सामना ३१-२८ असा गेला. दोन आठवड्यांनी घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नने ४५-४२ हरवले. त्या संघाचे प्रशिक्षक क्ले हेल्टन होते, ज्यांना साधारण एक वर्षापूर्वी यूएससीने (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने) हंगामातील दोनच सामन्यांनंतर काढले होते.

दुसऱ्या दिवशी, ११ सप्टेंबर २०२२ रोजी, फ्रॉस्ट यांना काढण्यात आले. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर दीड कोटी डॉलरचे देणे निम्म्यावर येणार होते, पण विद्यापीठाने तेवढे तीन आठवडेही थांबायचे नाही असे ठरवले. एकूण नोंद १६-३१, आणि आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने संपलेल्या सामन्यांत ५-२२.

आपण विचारलेली सीमारेषा मला त्या ५-२२ मध्ये दिसते. एका हंगामातले निसटते पराभव योगायोग असू शकतात. चार हंगामांत तेच घडत असेल, तर शेवटच्या मिनिटांत टाइमआउट कसे वापरले जातात, किकिंगकडे किती लक्ष दिले जाते आणि दंड कोणत्या क्षणी ओढवतात, हे बघायला हवे. कारण या गोष्टी नशिबाच्या नसून प्रशिक्षकाच्या शिस्तीच्या आहेत. आपल्या संघाच्या त्या दोन सामन्यांची शेवटची पाच मिनिटे पुन्हा पाहा. मी २०२१ मध्ये ते केले नाही.

रेषेपलीकडे यांचे उत्तर:

हंगामाच्या मध्यावरच का, याचे उत्तर वेळापत्रकात आहे. पूर्वी शालेय खेळाडू विद्यापीठांशी होणाऱ्या करारावर फेब्रुवारीत सह्या करत. २०१७ पासून डिसेंबरमध्येही सह्या होऊ लागल्या आणि बहुसंख्य मुले तेव्हाच सह्या करून मोकळी होऊ लागली. नोव्हेंबरअखेर प्रशिक्षक काढला, तर नव्या माणसाला येण्याआधीच ती भरती गमवावी लागते. त्यात ट्रान्सफर पोर्टलची, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंनी नाव नोंदवायच्या यादीची, भर पडली. म्हणून ऑक्टोबरमध्येच जागा रिकामी करून आपण शोध सुरू केला आहे असे जाहीर करणे क्रीडा संचालकांना सोयीचे वाटते. यात तर्क आहे, मात्र मनात उमेदवार तयार असेल तरच. नुसता संताप शमवण्यासाठी जागा रिकामी केली, तर पुढचे सहा आठवडे इतर विद्यापीठे आपापल्या प्रशिक्षकांचे वेतन वाढवून त्यांना बांधून घेतात आणि तुमच्यापुढची यादी लहान होत जाते.

सुधारणा खरोखर होते का, यावर अ‍ॅडलर, बेरी आणि डोहर्टी या तीन राज्यशास्त्रज्ञांनी २०१३ च्या सुमारास सोशल सायन्स क्वार्टर्लीमध्ये अभ्यास मांडला होता. प्रशिक्षक बदललेल्या संघांची तुलना त्यांनी तशाच स्थितीत असूनही न बदललेल्या संघांशी केली. अगदी तळाच्या संघांना बदलाने फारसा फरक पडला नाही, आणि मध्यम कामगिरीचे संघ बदलानंतर पुढील काही वर्षे उलट मागे पडले. मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो, कारण दोन-तीन वाईट वर्षांनंतर कामगिरी आपोआपही थोडी सावरते आणि त्याचे श्रेय नव्या माणसाला दिले जाते. व्हर्जिनिया टेकचे फ्रँक बीमर १९९२ मध्ये २-८-१ वर (शेवटचा आकडा बरोबरीचा) होते. त्यांना ठेवले, पुढच्या वर्षी संघाने ९ सामने जिंकले आणि १९९९ च्या हंगामात तो विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत गेला. क्लेमसनमध्ये डॅबो स्विनी यांचा २०१० चा हंगाम ६-७ असा होता, आणि २०१६ व २०१८ ची विजेतेपदे त्यांचीच आहेत.

तरीही सरासरी म्हणजे नियम नव्हे. इंडियानाने २०२३ च्या ३-९ हंगामानंतर टॉम अ‍ॅलन यांना काढून जेम्स मॅडिसनहून कर्ट सिग्नेटी यांना आणले आणि पुढच्याच वर्षी ११ सामने जिंकले. तो पल्ला त्या संघाने त्यापूर्वी कधीच गाठला नव्हता. सिग्नेटी यांनी आपल्या आधीच्या संघातील १३ खेळाडू सोबत आणले, म्हणजे प्रशिक्षकाबरोबर संघाचा कणाच बदलला. त्या अभ्यासाच्या काळात हे शक्य नव्हते, कारण तेव्हा विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावे लागे. म्हणून त्याचा निष्कर्ष आज जसाच्या तसा लावता येईल असे मी म्हणणार नाही.

शनिवारची_दुपार:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लिंकनकर यांच्या सांगण्यावरून मी ते दोन्ही सामने पुन्हा पाहिले. एकात शेवटचे दोन टाइमआउट तिसऱ्या क्वार्टरमध्येच, खेळ वेळेत सुरू करता न आल्याने वाया गेले होते. दुसऱ्यात मात्र आमच्याकडून काही चूक झाली नव्हती. समोरच्या मुलाने ५० यार्डांवरून मारलेली किक आत गेली. दोन्ही पराभवांना मी आजवर एकाच मापाने मोजत होतो. आता एकच विचारतो: प्रशिक्षक गेल्यास आज संघात असलेल्या मुलांचे काय होते?

रेषेपलीकडे:

मोठ्या कॉन्फरन्समधील (विद्यापीठांच्या स्पर्धा-गटांतील) विद्यापीठांना केवळ खेळ कमी पडतो म्हणून शिष्यवृत्ती काढून घेता येत नाही. तो नियम २०१५ मध्ये झाला. पण शिष्यवृत्ती राहते म्हणजे संघातील जागा राहतेच असे नाही. कोलोरॅडो २०२२ मध्ये १-११ वर गेल्यावर नवे प्रशिक्षक म्हणून डियॉन सँडर्स आले, आणि पहिल्या काही महिन्यांतच जुन्या संघातील बहुसंख्य मुले बाहेर पडली. तो संघ २०२४ मध्ये ९-४ झाला, पण त्यात त्या मुलांचा वाटा नव्हता. प्रशिक्षक बदलल्यावर खेळाडूंसाठी पोर्टल वेगळे उघडते. ती मुदत पूर्वी ३० दिवसांची होती आणि आता नवा प्रशिक्षक नेमल्यानंतर १५ दिवसांची झाली आहे. एवढ्या अवधीत विशीच्या आतबाहेरच्या मुलाला विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि मित्र सोडायचे की नाही हे ठरवावे लागते, आणि ज्या साहाय्यक प्रशिक्षकाने त्याच्या घरी येऊन आईवडिलांना शब्द दिला होता, त्याचीही नोकरी बहुधा त्याच आठवड्यात गेलेली असते.

करारनामा:

आपले विद्यापीठ सरकारी असल्याने प्रशिक्षकाचा करार राज्याच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली मागता येतो, आणि अनेकदा तो वृत्तपत्रांनी आधीच मिळवलेला असतो. वजावटीचे कलम आणि देणे ज्या तारखेला कमी होते ती तारीख, एवढी दोन पाने माजी विद्यार्थ्यांच्या गटात ठेवा. काढा म्हणणाऱ्यांनी आणि ठेवा म्हणणाऱ्यांनी ती आधी वाचावीत, आणि मग क्रीडा संचालकांना लेखी विचारावे की जागा रिकामी केल्यास पहिला फोन कोणाला करायचा हे त्यांनी ठरवले आहे का.

शनिवारची_दुपार:

अर्ज आजच पाठवला. करार हाती आला की येथे लिहितो.