मदत हवी आहे: कृतज्ञतेचं गाणं मोठ्या मुलाला नकोसं झालंय

घरात मुलगी 4 वर्षांची, मुलगा 9 वर्षांचा. गेले चार महिने झोपताना आम्ही एक घरगुती गाणं म्हणतो. दोनच ओळी, चाल साधी, मधली जागा रिकामी. तिथे प्रत्येकाने आज आपल्यासाठी कुणी काय केलं ते घालायचं. आजीही म्हणते.

धाकटीला ते फार आवडतं. परवा तिने गायलं, ‘दादाने बुटाची गाठ सोडवली’. दादाने पांघरूण डोक्यावर ओढलं, पण आतून हसत होता. त्याची पाळी आली की मात्र रोज एकच, ‘आईने जेवण बनवलं’. तेही पुटपुटत.

चाल बदलून पाहिली, दोन दिवसांत तेच. तयार गाणी लावली तर दोघंही नुसती ऐकत बसली. प्रत्येक ओळीला चांदणी दिली, तेव्हा चांदण्यांसाठी आभार सुरू झाले. ते मी लगेच बंद केलं, मला तसं नकोच होतं.

वाद्य कुणाला येत नाही, वेळ दहा मिनिटं, मोबाइल नको. प्रार्थना आम्ही वेगळी म्हणतोच. हे गाणं माणसांचे आभार मानण्यासाठी आहे. सक्ती करायची नाही, कारण जबरदस्तीचे आभार मनापासून येत नाहीत.

या वयाच्या मुलांसोबत कुणी असं गाणं टिकवलंय का? कडवी त्यालाच रचायला द्यावीत, की काही दिवस त्याला नुसता ताल धरू द्यावा? आणि धाकटीचा उत्साह न मोडता हे कसं जमवलंत?