‘डिटेक्ट’ला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ: द्राक्ष बागायतदारांच्या एका वेब अॅपचं मराठीकरण करतोय. पान उघडलं की ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, हे अॅप आधी बघतं. तिथे मी लिहिलं, ‘आपला न्याहाळक शोधत आहे’ (न्याहाळक म्हणजे ब्राउझर). पिंपळगावहून एका काकांचा फोन आला, “माझं काय हरवलंय?” शोधणे चुकलंच. मग ओळखणे, हेरणे की पारखणे?

पंचवटीकर: ओळखणे. वडिलांसोबत गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, गेलो होतो. उपाध्यांनी आडनाव आणि मूळ गाव विचारलं आणि पणजोबांची सही असलेली वही पुढे ठेवली. ओळखणं ते हेच.

सातपूरवाला: पण वहीत खरं लिहिलेलं असतं. इथे ब्राउझर युजर एजंट नावाची ओळ पाठवतो आणि तिच्यावर विसंबता येत नाही. क्रोमची ओळ ‘मोझिला’ने सुरू होते, शेवटी ‘सफारी’ असतं. नव्वदच्या दशकात काही साइट नेटस्केप या ब्राउझरलाच चांगली पानं देत, आणि त्याच्या ओळीत ‘मोझिला’ असायचं, म्हणून इंटरनेट एक्स्प्लोररनेही मोझिला नाव लावलं, पुढे सगळ्यांनीच. विंडोज ११ वरूनही विंडोज १० चंच ‘विंडोज एनटी १०.०’ जातं. २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून आयपॅडची सफारी स्वतःला मॅक म्हणवते. आम्ही नाव विचारणंच सोडलं, हवी ती सोय चालते का तेवढं तपासतो. शब्द अंदाजाचा हवा: ताडणे.

शब्दवेडी: ताडणे उत्तम! पण ‘न्याहाळक’ काढू नका. ‘संगणक’ रुळला, हाही रुळेल.

सातपूरवाला: संगणक शाळेच्या पुस्तकातून घरोघरी गेला. न्याहाळक तुम्ही कुणाच्या तोंडून ऐकलाय? शिवाय न्याहाळणं म्हणजे थांबून, निरखून बघणं. ब्राउझ म्हणजे मुळात शेळीने इथला-तिथला पाला खाणं. अर्थ उलटाच झाला.

शब्दवेडी: मूळ अर्थच धरायचा तर पारखणेही परीक्षेतून आलंय, मग द्राक्षाचा घड पारखताना पेपर सोडवायचा का? आपण शब्द वापरलाच नाही तर तो तोंडी येणार कधी?

पंचवटीकर: ताडणे म्हणजे मारणे ना? ताडन.

निफाडची: दोन्ही. माझी आजी म्हणायची, “म्या तवाच ताडलं व्हतं.” मारण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

गोदाकाठ: काकांना कळेल असं एक वाक्य द्या ना. ‘हे पान तुमच्या फोनवर चालेल का ते बघतोय’ कसं वाटतं?

पंचवटीकर: निफाडची, मग हे ताडणे ताडनातूनच आलं की वेगळं? सिन्नर-येवल्याकडे कुणी ऐकलंय का?