मदत हवी आहे: टोमॅटो आणि वांग्याच्या रोपांची पानं पिवळी पडताहेत

वांगेप्रेमी
तातडीने मदत हवी आहे. घरात टोमॅटो, वांगी आणि मिरचीची रोपं केली आहेत, पेरून पाच आठवडे झाले. गेल्या आठ दिवसांत टोमॅटो आणि वांग्याच्या पानांवर पिवळे चट्टे आलेत. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. मिरची मात्र ठणठणीत. पाणी बेतानं देतो, खत दिलंय, उजेड भरपूर आहे. तीन दिवसांपूर्वी एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घातलं, फरक शून्य. आता काय घालू? पुन्हा पेरायला वेळ नाही.

शिवारफेरी
आधी पिवळेपणा कुठून सुरू झाला ते सांगा. खालची जुनी पानं आधी पिवळी झाली तर मॅग्नेशियम, शेंड्याची कोवळी आधी झाली तर लोह. मॅग्नेशियम कमी पडलं की रोप ते जुन्या पानांतून काढून नव्याला देतं. लोह तसं हलत नाही, म्हणून नवं पानच फिकं येतं. आणि अगदी खालची, बियातून निघालेली पहिली दोन जाडसर पानं पिवळी पडून गळत असतील तर ते या वयात चालायचंच, ती मोजू नका.
एप्सम किती आणि कसं दिलं? मुळाशी दिलेलं तीन दिवसांत दिसणार नाही. लिटरला २ ग्रॅम घेऊन फवारा, तेही निम्म्याच रोपांवर. सगळ्यांवर मारलं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

द्राक्षबाग
हा बोकड्याच आहे, पानं वळवणारा विषाणू रोग. पांढरी माशी पसरवते. पिवळी रोपं उपटून टाका आणि बाकीच्यांवर ५ टक्के निंबोळी अर्क मारा. ५ किलो निंबोळी कुटून ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळून त्यात साबणाचं पाणी मिसळायचं आणि एकूण १०० लिटर करायचं.

गच्चीवरून
घरातला उजेड म्हणजे काहीच नाही. सकाळचं कोवळं ऊन चार तास द्या, आठवड्यात हिरवी होतील.

वांगेप्रेमी
ऊन कुठून देऊ? शिकागोजवळ राहतो, एप्रिल सुरू आहे, परवाच बर्फ पडला. रोपं तळघरात एलईडीखाली आहेत, मेच्या मध्यापर्यंत बाहेर नेता येणार नाहीत. पांढरी माशी नाही, पानं वळलेलीही नाहीत. चट्टे मधल्या आणि वरच्या पानांवर जास्त, सगळ्यात खालची त्यामानाने बरी. एप्सम अर्धा चमचा लिटरला, मुळाशी.

कुंडीशास्त्र
शिकागो आणि तळघर हे पहिल्याच वाक्यात हवं होतं, निम्मे प्रतिसाद वाचले असते. आता एवढं लिहा:
मिश्रण कोणतं, कोकोपीट असेल तर धुतलं होतं का?
खत कोणतं, किती, कधीपासून?
पाणी कुठल्या नळाचं? तळघरात जड पाणी मऊ करणारा सॉफ्टनर असतो म्हणून विचारतेय.
दिवे पानांपासून किती इंचांवर, रोज किती तास?
खोलीचं तापमान?
आणि पानांचा फोटो एलईडी बंद करून, खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून काढा. दिव्याखाली रंगाचा अंदाजच येत नाही.

वांगेप्रेमी
कोकोपीटची वीट, तशीच भिजवून वापरली. खत २०:२०:२० (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम), लिटरला अर्धा ग्रॅम, तीन आठवड्यांपासून दर चौथ्या दिवशी. पाणी सॉफ्टनरचं आहे, त्याने काय होतं? दिवे ४ इंचांवर. तापमान २१ अंश, हीटर असल्याने रात्रीही तेवढंच.

शिवारफेरी
मग मिळालं उत्तर. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये पोटॅशियम आणि सोडियम भरपूर असतं. ते कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागा अडवून बसतं आणि तुम्ही देता ते कोकोपीटच धरून ठेवतं. वर सॉफ्टनर, तो पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून सोडियम सोडतो. शिवाय २०:२०:२० मध्ये यातलं काहीच नसतं. बागेच्या नळाला सहसा सॉफ्टनर नसतो, पण थंडीत तो बंद असेल. मग सॉफ्टनरच्या आधीचा किंवा बायपासचा नळ शोधा. प्रत्येक कप्प्यात त्याच्या मापाच्या तिप्पट पाणी ओतून खाली वाहू द्या. नंतर कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम. हे २०:२०:२० च्या घट्ट द्रावणात मिसळू नका, फॉस्फेटबरोबर साका बसतो.

कुंडीशास्त्र
धुवायला हवंच, सॉफ्टनरचं पाणीही बंद करायला हवं. पण पिवळेपणाचं कारण हे नाही. मिरची त्याच कोकोपीटमध्ये आणि त्याच पाण्यावर आहे, आणि खारेपणाला ती टोमॅटोपेक्षा नाजूक. मीठ असतं तर पानांच्या कडा करपल्या असत्या, मिरचीच्याही. आणि मॅग्नेशियम असतं तर खालची पानं आधी गेली असती, इथे खालचीच बरी आहेत.
सगळी उत्तरं आली, फक्त तासांचं आलं नाही. दिवे रोज किती तास चालू असतात?

शिवारफेरी
मिरची हळू वाढते, तिची मागणी कमी, म्हणून ती उशिरा दाखवेल. अशी एका पिकावरून खारेपणाची शक्यता बाद करता येत नाही.

वांगेप्रेमी
तास म्हणजे? दिवे चालूच असतात. जास्त उजेड तेवढी वाढ जास्त, म्हणून बंद करतच नाही.

कुंडीशास्त्र
हेच कारण. टोमॅटो आणि वांग्याला अखंड २४ तास उजेड सोसत नाही. शिरांमध्ये पिवळे चट्टे पडतात, उजेडात असलेल्या वरच्या-मधल्या पानांवर जास्त, आणि ते दिसायला थेट मॅग्नेशियमसारखे असतात, म्हणून एप्समचे डबे संपतात. मिरची हे बरंच सहन करते. रात्रंदिवस तापमान एकसारखं असलं की त्रास आणखी वाढतो.
साधा टायमर लावा, १६ तास चालू, ८ तास पूर्ण अंधार. तळघरातला दुसरा दिवाही त्या वेळात नको. अंधाराच्या तासांत तापमान १७-१८ वर येऊ द्या. खत आठवडाभर थांबवा.
आताची चट्ट्यांची पानं पुन्हा पूर्ण हिरवी होणार नाहीत. बघायचं ते नवीन येणाऱ्या पानाकडे.

द्राक्षबाग
तरी एक पान पांढऱ्या कागदावर झटकून बघा. हलणारे बारीक ठिपके दिसले तर कोळी कीड. गरम कोरड्या घरात कोळी फार.

वांगेप्रेमी
झटकलं, काही नाही. टायमर आणला, आजपासून लावतोय. कोकोपीटही धुतो.

कुंडीशास्त्र
धुणं आज नको! दोन्ही एकदम केलं तर कारण कळणार नाही. फक्त चार रोपं धुवा, बाकीची तशीच ठेवा.

शिवारफेरी
याला माझी हरकत नाही. ती चार रोपं आणि बाकीची शेजारी ठेवून फोटो टाका.

गच्चीवरून
बाहेर नेताना एकदम उन्हात ठेवू नका. आधी तासभर सावलीत, मग रोज थोडं वाढवत आठवडाभरात पूर्ण ऊन. एलईडीची पानं पहिल्याच दिवशी पांढरी पडतात.

वांगेप्रेमी
नऊ दिवस झाले. टोमॅटोची नवीन पानं स्वच्छ हिरवी आहेत, वांग्याची थोडी मागे आहेत पण चट्टे नाहीत. धुतलेल्या चार आणि न धुतलेल्या रोपांच्या नव्या पानांत पिवळेपणाचा फरक दिसत नाही, फक्त धुतलेली उंचीला किंचित पुढे आहेत. एक नवीन प्रश्न, टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळट दिसतेय.

कुंडीशास्त्र
ट्रे जमिनीवर आहे का? रात्रीचं तापमान उतरवल्यावर तळघराची फरशी मुळांना फार गार पडते आणि गारठलेल्या मुळांना फॉस्फरस उचलता येत नाही. खतात तो आहे, वाढवू नका. ट्रे थर्मोकोलच्या तुकड्यावर किंवा रॅकवर उचला आणि थर्मामीटर मिश्रणात खुपसून बघा, १६ च्या खाली जायला नको. मग खत पुन्हा सुरू करा, पण आता आठवड्यातून एकदाच.

शिवारफेरी
उंचीतला फरक मीठ निघाल्याचाच आहे. उरलेलीही धुवून घ्या. आणि टोमॅटो मोठ्या कुंडीत हलवताना खालच्या पानांपर्यंत खोल लावा, खोडाला मुळं फुटतात. वांगी-मिरची मात्र आहेत त्याच पातळीला.