मुख्याध्यापकांनी शाळेचा यूट्यूब चॅनल चालवावा का?

फळाखडू:
माझं मत, जरूर चालवावा. वर्गात काय शिकवतात हे पालकांना प्रगतिपुस्तकापलीकडे कळतच नाही. अपूर्णांकांचा भागाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, हे गणिताच्या बाईंनी तीन मिनिटांत फळ्यावर समजावलेलं चॅनलवर असलं, तर गैरहजर मूलही पाहील आणि घरी अभ्यास घेणारे आईबाबाही. एकट्या शिक्षकाला हे झेपत नाही, मुख्याध्यापकांनीच मनावर घ्यावं लागतं.

रिकामा तास:
आणि प्रत्यक्षात काय दिसतं? बक्षीस समारंभ, पाहुण्यांचं स्वागत, सरांचा वाढदिवस! परीक्षानळीत रंग बदलतो, मुलं ‘का?’ विचारणार, तेवढ्यात बाई म्हणतात, “थांबा, फोटो राहिला.” गेला तास. फेसबुक, इन्स्टाग्राम 13 वर्षांखालच्यांना खातं उघडू देत नाहीत, पण पहिलीतल्या पोरांचे फोटो शाळाच नावानिशी टाकते. संमती म्हणजे प्रवेश अर्जावरची एक सही.

फळाखडू:
मुलांचे चेहरे नकोतच. वही दाखवा, फळा दाखवा.

चौथीची आई:
चॅनलचं राहू द्या, आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सुधारा! परीक्षेचं वेळापत्रक पन्नास ‘ओके मॅडम’खाली गाडलेलं असतं. फक्त अ‍ॅडमिनच मेसेज टाकतील, ही सोय 2018पासून आहे हो. आमच्या ग्रुपवर कुणी ती अजून लावलेली नाही.

रिकामा तास:
हेच तर. शिवाय पिसा 2022 या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणी-पाहणीत ओईसीडी (बहुतांशी श्रीमंत देशांची संघटना) देशांतल्या सरासरी 65 टक्के मुलांनी सांगितलंय, की गणिताच्या काही तासांना तरी डिजिटल साधनं वापरताना आपलं लक्ष उडतं.

फळाखडू:
ते मुलांच्या हातातल्या साधनांबद्दल, मी मुख्याध्यापकांबद्दल बोलतोय. आणि त्याच पाहणीत, शाळेत रोज तासाभरापर्यंत शिकण्यासाठी साधनं वापरणाऱ्यांचे गणिताचे गुण अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले, तेही सांगा की!

रिकामा तास:
निघाले, पण साधनामुळेच निघाले हे कुठे सिद्ध झालं? असो. चॅनलला विरोध नाही. पण चित्रीकरण, संपादन करणार कोण? त्याच बाई, पेपर तपासून झाल्यावर, रात्री. मुख्याध्यापकांनी आधी त्यांचे आठवड्याचे दोन तास मोकळे करावेत, मग व्हिडिओ मागावा.

चौथीची आई:
दोन तास दिलेत तर अपूर्णांकांपासूनच सुरुवात करा. आमच्याकडे तिथेच गाडी अडलीय.