‘झोपेत पैसे कमवा’ म्हणणाऱ्यांनो, आधी माझी झोप परत द्या

गुळव्या

सकाळपासून तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर एकच पोस्ट येऊन पडली. सारांश: सुट्टीत पोरांनी मोबाइल गेम करावा, पाचशे रुपयांत तयार टेम्प्लेट मिळतं, चित्रं बदलायची, प्ले स्टोअरवर चढवायचा, जाहिराती लावायच्या आणि झोपेत पैसे कमवायचे. पुराव्याला फ्लॅपी बर्ड, एका माणसाने केलेला मोबाइल गेम. खाली अंगठ्यांची रांग, आणि एक मावशी: “भाच्याला पाठवते.”

मावशी, थांबा जरा.

फ्लॅपी बर्ड व्हिएतनामच्या डाँग नुयेनने मे २०१३ मध्ये टाकला. पुढे कित्येक महिने तिकडे कुत्रंही फिरकलं नाही. जानेवारी २०१४ मध्ये अचानक पेटला, दिवसाला ५० हजार डॉलर मिळतात अशा बातम्या आल्या, आणि फेब्रुवारीत त्या माणसाने तो स्वतःच्या हाताने काढून टाकला. मला हे आता सहन होत नाही म्हणाला. पोस्टीत एवढाच भाग गाळलाय.

आता माझं. मीही हेच ऐकून फळं कापायचा एक रीस्किन, म्हणजे तयार गेमला नुसती नवी चित्रं, केला होता, चुलतभावाच्या जुन्या खात्यावरून. अकरा महिन्यांत ६२ डॉलर. जाहिरातींचे पैसे हातात यायला किमान १०० लागतात, म्हणजे हातात शून्य.

मग ठरवलं, करायचा तर आपला करू. आजोळ कागलजवळ, गुऱ्हाळघराला लागून. खेळ तोच, गूळ करायचा: चुलवाणात जाळ किती घालायचा, रसावरची मळी कधी काढायची, काहिल (रसाची मोठी कढई) कधी उतरवायची. पहिल्या आवृत्तीत बाजूला तापमानाची पट्टी ठेवली होती, हिरवी-पिवळी-लाल. मामाला दाखवली. तीस वर्षं गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा, म्हणून उभा राहिलेला माणूस. म्हणाला, “हे काय लावलंयस? आमी कवा बघतो आकडं?” तो बुडबुड्यांवरून ओळखतो, आणि शेवटी पाक पाण्यात टाकून बोटांत गोळी वळून बघतो. पट्टी काढून टाकली. चार महिने नुसत्या बुडबुड्यांत गेले: आधी बारीक फेस, मग मोठे फुगे, मग ते जड होऊन सावकाश फुटायला लागतात. ते जमलं तर खेळणाऱ्याचाच अंगठा त्या बुडबुड्यांवर येऊन बसायला लागला! सगळी काहिल वर सरकवली, ढवळायची जागा खाली आणली. मग दोन जीबी रॅमच्या फोनवर वाफेने दम तोडला. शेवटी वाफ म्हणजे चार चित्रं, आलटून पालटून.

दोन वर्षं झाली. नोकरी सांभाळून, रात्री. झोपेत म्हणे.

धंदेवाईक

तुमचा गेम छान असेल, वाद नाही. पण ६२ डॉलर मिळाले कारण तुम्ही एकच टाकलात. मी सोलापुरात बसून ४० टाकलेत. दोन पोरं कामाला आहेत, फ्लॅटचा हप्ता त्यातून जातो. कुणाची चोरी केलेली नाही, टेम्प्लेट परवान्यासकट विकत घेतो. तुम्ही चार महिने बुडबुडे करत बसलात ही तुमची हौस आहे. हौसेचं बिल त्या पोस्टवाल्याच्या नावाने फाडू नका.

आणि लुडो किंग कुठला? नवी मुंबईचा, २०१६ चा. त्यात काय नवं होतं? सोंगट्या, फासा, चार रंग. २०२० च्या लॉकडाउनमध्ये अख्खा देश तो खेळत होता. नवीन कल्पना वगैरे तुम्ही लोकांनी डोक्यात घेतलेलं खूळ आहे.

जुना खेळाडू

लुडोच मुळात रीस्किन आहे हो. पचिसी आपली, साहेबाने तिला चौकोनी करून १८९६ साली पेटंट घेतलं. तेव्हा प्ले स्टोअर नव्हतं एवढंच.

पण धंदेवाईक, लुडो किंगमध्ये नवं काही नव्हतं हे मान्य करायला मी तयार नाही. चौघं चार गावांत बसलेत, एकाचं नेटवर्क गेलं, तर डाव कुणी पुढे न्यायचा? ते सांभाळणं म्हणजे टेम्प्लेट नव्हे.

मी २००५ च्या सुमारास अंधेरीत जावा फोनांचे गेम करायचो. काही हँडसेटांवर अख्खा गेम ६४ केबीत बसवायचा. चित्रं, आवाज, सगळं त्यात. पडदा १२८ बाय १२८. आणि एकच गेम पन्नास हँडसेटांसाठी पन्नासदा, कारण प्रत्येकाच्या बटणांचे नखरे वेगळे. वर मोठा वाटा मोबाइल ऑपरेटरचा. आज प्ले स्टोअरवर २५ डॉलर एकदाच भरून खातं मिळतं आणि वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या विक्रीवर १५ टक्केच कापतात, तरी लोकांची रडगाणी चालूच. गुळव्या, तुला नाही म्हणत रे. थोडं म्हणतोय.

साने बाई

माझा मुद्दा वेगळा आहे. तुमच्या या जाहिराती बंद करण्याची फुली एवढी बारीक का असते? माझा सहा वर्षांचा नातू ती दाबायला जातो आणि कुठल्या तरी कर्जाच्या ॲपवर पोचतो. धंदेवाईक, तुमच्या ४० पैकी कितींमध्ये हे आहे?

धंदेवाईक

बाई, फुली मी काढत नाही, जाहिरात देणारा काढतो. आणि फुकटात खेळायला मिळतं ते कशाच्या जिवावर? मराठी माणूस गेमला दहा रुपये देत नाही. चहाला देतो.

साने बाई

चहा प्यायल्यावर कुणी कर्ज घेता का विचारत नाही.

पत्तेबाज

जाहिरातींना नावं ठेवताय, आमच्याकडे तर जाहिराती नव्हत्या. पत्त्यांच्या पैशांच्या खेळाच्या कंपनीत होतो, डिझाइनला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद. त्याआधी ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होताच. एका सोमवारी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि खेळ खल्लास. घरी सांगितलं तर आई म्हणाली, बरं झालं. अजून म्हणते.

साने बाई

आई बरोबर म्हणते.

पत्तेबाज

धन्यवाद. तुम्हाला भेटून आनंद झाला.

गुळव्या

विषयावर या. धंदेवाईक, तुम्हाला रीस्किन करू नका असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पोरांना ‘गेम करणं म्हणजे हे’ असं शिकवू नका म्हणतोय. आणि मला सर्वांत जास्त छळलं ते बुडबुड्यांनी नाही, अक्षरांनी. गेम बनवायचं एक नावाजलेलं इंजिन आठ महिने वापरलं. त्यात ‘गुऱ्हाळ’ लिहिलं की र चा पाय मोडलेला स्वच्छ दिसायचा आणि ह शेजारी परका उभा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी मागे. ‘किती’ वाचताच येईना. शेवटी गोडो या दुसऱ्या इंजिनात गेलो. त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०२३ पासून, जोडाक्षरं नीट जुळतात. सगळं पुन्हा लिहिलं.

धंदेवाईक

आठ महिने वाया घालवले, कशासाठी? इंग्रजीत ‘जॅगरी’ लिहायचं, चार अक्षरी बटणं, संपलं. मराठी मजकूर गेममध्ये कोण वाचतो? माझ्या ४० पैकी दोघांत मराठी घालून बघितलं. लोक भाषा बदलून इंग्रजी करतात. स्वतःच्या डोळ्यांनी आकडे बघितलेत.

ऱ्हस्वदीर्घ

आता मला बोलावंच लागेल. ते मराठी कसं होतं हे सांगा की! ‘पातळी’च्या जागी ‘स्तर’, ‘पुन्हा खेळा’च्या जागी ‘पुन्हा प्रयास करा’, आणि सगळा मजकूर यंत्राने हिंदीवरून ओतलेला? असलं मराठी मीही बदलून इंग्रजी करते. वर र्‍य आणि र्य यांतला फरक तुमच्या फॉन्टाला माहीत नसतो. ‘आचाऱ्यांना बोलवा’ आणि ‘आचार्यांना बोलवा’ यात लग्नाचं जेवण अडकलेलं असतं. ‘दऱ्या’ लिहायला जावं तर ‘दर्या’ होतो आणि सह्याद्रीत समुद्र येतो.

धंदेवाईक

ताई, गेममध्ये आचारी नाहीत, आचार्यही नाहीत. टरबूज कापायचं आहे.

ऱ्हस्वदीर्घ

टरबूज नाही, कलिंगड.

विदर्भकर

आमच्याकडे टरबूजच म्हणतात. पुण्याबाहेरही मराठी आहे बरं का.

ऱ्हस्वदीर्घ

हो, मान्य. तो शब्द मागे घेते. बाकी काहीही मागे घेत नाही. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे, हेही बहुतेक गेमवाल्यांना ठाऊक नसतं. शाळेत गाठीचा श गिरवलेलं मूल पडद्यावर हिंदी वळणाचा श बघतं, आणि आपण म्हणायचं मुलं मराठी वाचत नाहीत.

गुळव्या

ताई, त्यावर उपाय आहे. फॉन्टात मराठीची रूपं असतील तर गोडोत लेबलाची भाषा मराठी ठेवायची, ल आणि श आपोआप आपले होतात. मलाही हे सहा महिन्यांनी कळलं.

जुना खेळाडू

आमच्या वेळी फॉन्टच नव्हता. एकदा गणपतीच्या गेममध्ये ‘मोरया’ दाखवायचं होतं, तर तो शब्दच चित्र म्हणून घातला. दोन केबी गेले. साहेब म्हणाला, दोन केबीत एक शत्रू बसला असता.

धंदेवाईक

सगळे मिळून एकावर. ठीक. पण एक सांगा, लिपी एवढी नीट लावून गिऱ्हाईक किती येणार? अमेरिकेतल्या माणसाने जाहिरात बघितली तर मिळणारे पैसे आणि सांगलीतल्या माणसाने बघितली तर मिळणारे पैसे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमचा खेळ सांगलीकरांसाठी आहे. हिशेब कच्चा आहे तुमचा, अक्षर कितीही सुंदर असू दे.

गुळव्या

हिशेब कच्चा आहे. मान्य. मामाचाही होता, म्हणून गुऱ्हाळ बंद पडलं. पण ४० गेमांतला एक तरी तुमच्या घरी कुणी खेळतं का?

पत्तेबाज

अरेरे. हे लागलं.

धंदेवाईक

घरापर्यंत जायचं काम नव्हतं. आणि विचारलंच आहे तर ऐका: ४० पैकी ३१ मीच उतरवलेत, दिवसाला दोन माणसं उघडत होती. हप्ता नऊंवर चालतो, त्यातही दोघांवर जास्त. त्या दोघांवर आम्ही सात-सात महिने काम केलंय, आवाजसुद्धा स्वतः भरलेत. झोपेत नाही. खूश?

जुना खेळाडू

म्हणजे दोघं एकच बोलताय आणि दोन तास भांडताय.

धंदेवाईक

एकच नाही. मी पैसे मिळवतोय.

साने बाई

फुलीचं उत्तर अजून आलेलं नाही.

गुळव्या

बाई, माझ्यात मधेच उगवणारी जाहिरात नाही. खेळणाऱ्याने स्वतः मागितली तरच, जास्तीचं सरपण हवं असेल तेव्हा.

आता कामाचं. माझं प्ले स्टोअरचं खातं नवं, वैयक्तिक. त्यामुळे गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहावं लागतं. आधी २० होते, डिसेंबर २०२४ मध्ये १२ केले. माझे अकरा झालेत. त्यातला एक मामा आहे, तो फोन दुसऱ्याच्या हातात देतो.

ऱ्हस्वदीर्घ

माझा फोन आयफोन आहे. तिकडे कधी?

गुळव्या

तिकडे खात्याचेच दरवर्षी ९९ डॉलर. आधीचे ६२ तरी सुटू देत.

धंदेवाईक

निरोपात मेल पाठवतो. बाराव्यात मला धरा. पंधराव्या दिवशी काढून टाकणार, आधीच सांगतो.

धंदेवाईक (तीन दिवसांनी)

इथेच लिहितो, सगळ्यांना कळू दे. एक: पहिली ढेप फार अवघड आहे, मी चार वेळा पाक जाळला, साधा माणूस दुसऱ्या वेळी फोन ठेवेल. दोन: सरपणाचं बटण उजव्या कोपऱ्यात आहे, डावखुऱ्याला पोचत नाही. माझी मुलगी डावखुरी आहे. तीन: खेळातल्या दुकानाच्या पानावर बटणावरचं ‘गिऱ्हाईक’ फुटलंय. बाकी सगळीकडे बरोबर, तिथेच नाही.

गुळव्या

ते ‘गिऱ्हाईक’चं बटण म्हणजे जुन्या इंजिनातून उचललेलं चित्र आहे. राहून गेलं. आज रात्री बदलतो.