क्रिप्टो-फॅसिस्ट म्हणजे नेमकं काय?

मेघना_नाशिक: मुलाच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात हा शब्द आला. क्रिप्टो म्हटलं की त्याला बिटकॉइनच आठवतं. कुणी नीट समजावेल का?

जुनावाचक: मूळ ग्रीक, अर्थ लपलेला. आपल्याकडे शंकराचार्यांना विरोधक 'प्रच्छन्न बौद्ध' म्हणत, त्यातला 'प्रच्छन्न' इथे चपखल बसतो. मनातून फॅसिस्ट, पण चारचौघांत कबूल न करणारा.

गाजलेला प्रसंग 1968 चा. शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन, बाहेर निदर्शकांवर पोलिसांच्या लाठ्या. एबीसी वाहिनीवरच्या चर्चेत डाव्या विचारांचे लेखक गोर विडाल यांनी उजव्या विचारांचे संपादक विल्यम बकलींना 'क्रिप्टो-नाझी' म्हटलं. बकली इतके भडकले की थेट प्रक्षेपणात थोबाड फोडण्याची धमकी देऊन बसले. पुढे प्रकरण कोर्टात गेलं.

मेघना_नाशिक: म्हणजे ही शिवीच झाली की! मग कुणालाही चिकटवता येईल.

जुनावाचक: तोच धोका आहे, ताई. मत पटलं नाही म्हणून हा शिक्का मारणं मला साफ नामंजूर आहे. पुरावा हवा. जर्मनीत नाझी चिन्हं आणि घोषणांवर कायद्याने बंदी आहे, म्हणून काही जण 88 हा आकडा मिरवतात. एच हे आठवं अक्षर, दोन एच म्हणजे 'हाइल हिटलर'. अर्थात नुसत्या आकड्यावरूनही ठरवू नका, एखाद्याचं जन्मसालही 88 असतं. तोच माणूस नाझींच्या छळछावण्यांचा विषय निघाला की मृतांचे आकडे फुगवलेत म्हणू लागला, तर मात्र शंकेला जागा आहे.

मेघना_नाशिक: हे आज रात्रीच त्याला वाचून दाखवते.